आत्याने पाडलेले पूल

माझ्या आत्याने हैदराबादेतले तीन दगडी पूल पाडले, आणि तेही नुसत्या कुंचल्याने. सुरुंग नाही, घण नाही, वरून आलेला हुकूम नाही. मांडीवर फळी, फळीवर कागद, शेजारी पाण्याचा गडू आणि दाढेखाली लवंग, एवढ्या सामग्रीवर तिने पूल असे लोळवले की पुराच्या मुसीनेसुद्धा तिच्यापुढे हात जोडावेत. हे मी म्हणत नाही. हे त्या काळी अख्खं अंबरपेठ म्हणत होतं. आणि अंबरपेठेची एक गोष्ट सांगून ठेवते, ते कधी पूर्ण खोटं बोलत नाही. निम्मं खरं असतं. उरलेलं निम्मं बहुतेक मी सांगितलेलं असतं.

आमचं घर नदीच्या बाजूला, अंबरपेठेच्या अगदी शेपटाशी होतं. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, अंगणात एक कडुनिंब, त्यावर कावळे. कावळे इतके की सकाळी आईला भाकरी थापायचा आवाज आपला आपल्याला ऐकू येत नसे. माझे आजोबा मराठवाड्यातले शेतकरी, आत्या तान्ही असताना इथे आलेले. बाबा घरातले पहिले पगारदार. पगारदार झाले तरी घराला शेताचा वास होता. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं, दोरीवर वाळणारी लाल मिरची, आणि हौदाच्या कडेला अंबाडीची जुडी. अंबाडीची भाजी आई आमच्या पद्धतीने करायची, शेजारची बाई तिच्या तेलुगू पद्धतीने, आणि दोघी भिंतीवरून वाट्या बदलून एकमेकींना नावं ठेवायच्या. तो कार्यक्रम रोजचा होता. पहाटे धोब्यांची गाढवं ओरडायची, मग अजान, मग पलीकडच्या देवळातली घंटा, मग हमीदचाचाच्या सायकल दुकानातल्या पंपाचं फुसफुस. या क्रमात कधी चूक झाली तर बाबा घड्याळ दुरुस्तीला टाकायचे.

बाबा ड्राफ्ट्समन होते, पूल बांधणाऱ्या एका सरकारी कचेरीत. दिवसभर टेबलावर वाकून नव्या पुलांचे नकाशे काढायचे. माणूस असा सरळ की त्यांच्या पाठीला पट्टी लावून रेघ मारावी. कचेरीतलं काहीही घरी आणायचं नाही हा त्यांचा नियम. पेन्सिलीचं टोकसुद्धा नाही, आणि बातमी तर त्याहून नाही. नोटीस लागेपर्यंत कुठला पूल राहणार नि कुठला जाणार हे त्यांच्या तोंडून देवालाही कळलं नसतं. पण त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, देवापेक्षा जवळची होती.

आत्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की सांगायची, "माझं स्थळ पलीकडच्या काठाला होतं, पूल आखूड पडला." उंच, सावळी, आवाज असा की वर्गात 'बसा' म्हणाली तर रस्त्यावरचे रिक्षावाले बसायचे. तिला वेड एकाच गोष्टीचं, जुने पूल. माणसं सूर्यास्त काढतात, कमळं काढतात, कृष्ण काढतात. आत्या कमानी काढायची. आई म्हणायची, "नणंदबाईंना देव जरी भेटला तरी विचारतील, जरा सरका, मागचा खांब दिसत नाही."

तर होत असे असं. बाबा संध्याकाळी जेवायला बसत. भाकरी मोडत, ठेच्याकडे बघत, आणि एखाद्या दिवशी मध्येच म्हणत, "अक्का, उद्या जरा त्या ओढ्यावरच्या पुलाकडून फिरून ये. हवा चांगली आहे."

आता त्या ओढ्याची हवा कशी होती, तर म्हशीसुद्धा नाक मुरडून जायच्या. पण आत्या मान डोलवायची. "हौ, येते की." दुसऱ्या दिवशी शाळा सुटली की तडक तिथे. बाबांनी कचेरीतलं एक अक्षर बोललेलं नसे, नियम शाबूत. आणि आत्याला कळलेलं असे की या पुलाचे दिवस भरले. अरुंद होते बिचारे. बस जात नसे, पावसात पाण्याखाली जायचे. नवे हवेच होते. आत्यानेही कधी तक्रार केली नाही. फक्त पाडणारे पोचायच्या आत तिला पोचायचं असे.

आणि मग प्रदर्शन. पहिलं तिच्या शाळेच्या शिवणाच्या खोलीत भरलं. बघायला शाळेतल्या मुली आल्या, कारण त्या तासाला गणित होतं. दुसरं सुलतान बाजारात, एका कापड दुकानाच्या माळ्यावर. दुकानदाराची मुलगी आत्याची विद्यार्थिनी, त्यामुळे माळा फुकट मिळाला. पण जिना साड्यांच्या काउंटरवरून चढायचा होता. जी बाई चित्रं बघायला वर आली ती साडी घेऊन खाली उतरली, आणि जी साडी घ्यायला आली ती चुकून वर चढली. एकीने तर कमानींच्या रांगेवर बोट ठेवून मला विचारलं, "ये डिझाइन किनारीत आहे का हो?" आत्या म्हणाली, "आहे, पण दगडात." तिसरं प्रदर्शन आमच्या मराठी मंडळींच्या सभागृहात झालं, आणि त्याला तोबा गर्दी लोटली, कारण आईने सुशीला केला होता. चुरमुरे भिजवून, शेंगदाण्याचं कूट घालून, वरून लिंबू. लोक एका हातात बशी घेऊन चित्रांसमोरून सरकायचे आणि चित्राकडे बघत 'वा' म्हणायचे. ते वा चित्राला होतं की बशीला, हे आत्या कधी विचारायची नाही.

पण झालं काय, की पहिलं प्रदर्शन संपलं आणि थोड्याच दिवसांत तो पूल पाडला गेला. दुसरं संपलं, दुसरा गेला. तिसऱ्या प्रदर्शनाला हमीदचाचा स्वतः आला होता. गूळपुलाच्या तोंडाशीच त्याचं सायकलचं दुकान. गल्लीतलं वर्तमानपत्र म्हणजे तोच. त्याने बशी संपवली, चित्र नीट पाहिलं, आणि तिसरा पूल पडल्याची बातमी आली त्या दिवशी दुकानात जमलेल्या चारचौघांना सांगितलं, "मियां, आपा का हाथ लगा की पुल गया. मैं अपनी आंखों से देखा." त्याने पुलाला पडताना पाहिलेलं नव्हतं, पण सुशीला खाताना पुलाचं चित्र पाहिलं होतं, आणि अंबरपेठेत साक्षीसाठी तेवढं पुरतं. आठवड्याभरात गोष्ट पार विद्यानगरपर्यंत पोचली. माझ्या कॉलेजात एका मुलीने मला विचारलं, "तुझी आत्या मंत्र म्हणते का ग चित्र काढताना?" मी म्हटलं, "नाही. नुसती लवंग चघळते." ती दोन पावलं मागे सरकली. मला आयुष्यात एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.

(माझी नात पुण्याला आयटीत आहे. तिला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून ही पानं ती फोनकडून वाचून घेते. फोन ती पानं रेल्वे स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात वाचतो. परवा तिने विचारलं, "आज्जी, खरंच मागे सरकली?" मी म्हटलं, गाडी क्रमांक अमुक, खरंच सरकली.)

आता गूळपुलाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्याची आहे. अंबरपेठेहून मुसी ओलांडायचा तो आमचा रोजचा पूल. ठेंगणा, जाड खांबांचा, पाठ थोडी बाक आलेली. चुन्यात गूळ आणि उडदाची डाळ कालवून बांधला म्हणून गूळपूल. हमीदचाचा 'गुडपुल' म्हणायचा, पुलावर बसणारी पालेभाजीवाली यादम्मा 'बेल्लम वंतेन' म्हणायची, म्हणजे तेच. जुना चुना ऊन खाऊन खाऊन असा पिकला होता की संध्याकाळी अख्खा पूल गुळाच्या ढेपेसारखा दिसे. लहानपणी आम्ही पोरं कठडा चाटायचो. गोड लागायचा. हसू नका, तुम्ही चाटलाय का? कमानीखाली जाऊन हाक मारली तर पूल हाक परत द्यायचा, आणि माझी शपथ, माझ्या आईच्या आवाजात द्यायचा. निदान 'घरी ये' एवढं तरी.

आणि पुलावर एक रीत होती. कुणाला शब्द द्यायचा असला, सोयरीक ठरवायची असली, भांडण मिटवायचं असलं, की दोघं पुलावर यायचे, एक हात कठड्यावर ठेवायचे आणि तोंडात गुळाचा खडा धरून बोलायचे. गूळ तोंडात असताना खोटं बोलणाऱ्याचे दात पडतात, अशी श्रद्धा. हिंदू, मुसलमान, तेलुगू, मराठी, सगळे पाळायचे. यादम्मा त्यासाठी भाजीच्या टोपलीत गुळाचे खडे ठेवायची. बोळक्या तोंडाची माणसं पुलावरून जरा मान खाली घालूनच जायची, हेही सांगून टाकते.

तिसरा पूल पडल्यावर एका दुपारी शिष्टमंडळ आलं. पुढे हमीदचाचा, ठेवणीतली टोपी घालून. मागे यादम्मा, तिच्यामागे धोबी, दूधवाला आणि ज्यांना काही काम नव्हतं असे पुष्कळ. आत्या अंगणात खाट टाकून वह्या तपासत होती.

"आपा," हमीदचाचा म्हणाला, "बुरा नक्को मानो. तुमारी तस्वीर बहोत अच्छी. पन हमारा एकीच पुल है."

"मग?"

"मग क्या, आपा. गुडपुल की तस्वीर नक्को. वो पुल गया तो मैं पंक्चर किसका निकालूं?"

यादम्मा पुढे आली. तिच्या एका वाक्यात तीन भाषा नांदायच्या, आणि चित्राला ती बोम्म म्हणायची. "अम्मा, बोम्म वद्दम्मा. मेरेकू दुसरी जागा किधर मिलती? तुमीच सांगा."

आईने दारातून बघून पदर तोंडावर धरला, हसू लपवायला. आत्याही हसणार असं मला वाटलं. पण तिने त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. खुळचट होती माणसं, पण घाबरली होती खरोखर. ती उठली, चपला घातल्या, आणि सगळी वरात घेऊन पुलावर गेली. कठड्यावर हात ठेवला, यादम्माच्या टोपलीतला खडा तोंडात टाकला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "गूळपुलाच्या एका दगडालाही मी रंग लावणार नाही." कमानींनी ते शब्द परत दिले. हमीदचाचाने डोळे पुसले. यादम्माने आत्याला मेथीची जुडी फुकट दिली, जी घटना मुसीच्या काठी पूर्वी कधी घडली नव्हती.

त्याच संध्याकाळी आई मेथीची भाजी वाढत होती. बाबांनी भाकरी मोडली. ठेच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अक्का, उद्या जरा गूळपुलावरून फिरून ये. हवा चांगली आहे."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. कडुनिंबावरचे कावळे गप्प झाले. झाले म्हणते ना. आत्याने पुढचा घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाली, "मी आजच जाऊन आले."

त्यानंतरचे दिवस आमच्या घराने कधी पाहिले नव्हते. आत्याने रंगांची पेटी फळीवर चढवून टाकली. शब्द तर दिलेला, तोही गूळ तोंडात धरून. पूल तर जाणार. आणि सांगणार कुणाला? सांगितलं तर बाबांची नोकरी. एवढे पूल कागदावर राहिले, आणि ज्याच्यावर ती रांगायला शिकली, बाबांना कडेवर घेऊन हिंडली, तोच तेवढा राहणार नव्हता. आत्या जेवायची, शाळेत जायची, वह्या तपासायची; फक्त लवंग चघळायची बंद झाली होती.

"मोडा हो शब्द," आई म्हणाली. "पूल गेल्यावर कोण विचारणार आहे?"

"गुळावर दिलाय," बाबा म्हणाले.

"दात माझे आहेत," आत्या म्हणाली. "दातांचं काही नाही. यादम्माला उद्या तोंड दाखवायचंय."

मी म्हटलं, मी काढते चित्र. मी काही शब्द दिला नव्हता. काढलंही. आत्याने ते हातात धरून उलटंसुलटं केलं. "छान आहे. म्हैस पाण्यात बसलीय."

मग एके दिवशी ती शाळेतून आली ती लवंग चघळतच. म्हणाली, "चल, सुलतान बाजारात." बस धरून आम्ही गेलो. पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत एक कागदवाला होता, त्याच्याकडे तिने भारी कागद बाजूला सारून एक स्वस्त, मऊ, पांढराशुभ्र कागद निवडला आणि त्याचा मोठा गठ्ठा मागितला. कागदवाला जुना ओळखीचा. म्हणाला, "बाई, हा तुमच्या कामाचा नाही. हा टिकतो, पण पांढरा राहत नाही. काही वर्षांत पिवळा पडेल, मग तपकिरी."

"पडू दे की," आत्या म्हणाली. मला वाटलं, बाई चिडलीय म्हणून काहीही घेतेय.

थंडीचे दिवस होते. ती रोज शाळा सुटली की काठावर एकाच दगडावर जाऊन बसू लागली, पुलासमोर. गल्लीत बोंब झाली. हमीदचाचा हातातलं चाक टाकून धावला. आत्याने शांतपणे कागद वळवून दाखवला. वर यादम्मा टोपली घेऊन बसलेली, डोक्यावर आभाळ. खाली मुसीचं पाणी, पाण्यात धोब्याची गाढवं. मध्ये कोरा कागद.

"आपा, ये यादम्मा हवा में कायकू लटकी?"

"हलकी आहे ती."

यादम्मा हलकी नव्हती. ती बसली की पूल जरा दबायचा. पण हमीदचाचाने कागद नाकाला लावून तपासला, एकही दगड रंगवलेला नाही याची खात्री केली, आणि लाजत म्हणाला, "मेरी भी एक निकालो. पंप के साथ." झालं. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. दूधवाला आला, त्याची म्हैस आली, शाळेला जाणारी पोरं आली, भांडकुदळ सासू आणि तिची तेवढीच भांडकुदळ सून, दोघी एकाच कागदावर यायला तयार झाल्या. आत्या प्रत्येकाला पुलावर ठरावीक जागी उभं करायची आणि काठावरून ओरडायची, "जरा डावीकडे! अजून! हां, तिथंच मर!" असं करत करत तिने पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंबरपेठ उभं केलं. बाबा कचेरीतून येताना तिच्यामागे थांबायचे, बघायचे आणि घरी यायचे. एकदा मात्र जेवताना आपलं आपल्याशीच म्हणाले, "अक्का फूटपट्टी वापरत नाही, तरी रेघ जुळते."

प्रदर्शन पुलावरच भरलं. एका कठड्याला सुतळी बांधली, सुतळीला चिमट्यांनी कागद, वाऱ्यासाठी खाली खडे. आईने सुशीला असा केला की त्या चुरमुऱ्यांत नदी अडली असती. लोक आले ते आपापला कागद शोधायला. "ये मैं! ये मेरी बकरी!" दूधवाल्याची तक्रार, म्हशीचं शिंग आखूड आलंय. सून म्हणाली, सासूबाईंपेक्षा मी मागे का? उन्हं कलली तशी गर्दी वाढली, आणि मग कुणी तरी पोर पुलाच्या मधोमध मागे मागे सरकत समोरच्या कठड्याला जाऊन टेकलं आणि म्हणालं, "चाचा, इधर से देखो."

सगळे त्या कठड्याला गेले. मीही गेले. कागदाला कागद लावून ओळ पूर्ण झाली होती, आणि एका कागदावरची कोरी जागा पुढच्या कागदावरच्या कोऱ्या जागेत वाहत गेली होती. वर माणसं, खाली पाणी, आणि मध्ये या काठापासून त्या काठापर्यंत, खांब, कमानी, पाठीचा बाक, सगळं घेऊन गूळपूल उभा होता. पांढराशुभ्र. आत्याने त्याला कुंचला लावलाच नव्हता. बाकी सगळं रंगवून तो तेवढा शिल्लक ठेवला होता.

मग यादम्मा म्हणाली, "वंतेन!" आणि एकदम गलका झाला. शब्द मोडला! नाही मोडला! पूल आहे! कुठाय, कागद आहे! सासूसून पहिल्यांदाच एका बाजूने भांडल्या. शेवटी सगळ्यांनी हमीदचाचाला पुढे केलं, अफवा त्याने काढली तर निवाडाही त्यानेच करावा. यादम्माने खडा दिला. त्याने तो तोंडात धरला, कठड्यावर हात ठेवला, आणि मी पाहिलं, त्याचा हात दगडावरून मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा फिरत होता.

"आपा," तो हळू म्हणाला, "सच्ची बोलो. ये जाने वाला है ना?"

आत्याने बाबांकडे पाहिलं. माझे बाबा, ज्यांनी कचेरीतली टाचणी घरी आणली नव्हती, ते सुशीलाच्या पातेल्याशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "आज हवा चांगली आहे, चाचा."

एवढंच. पण हमीदचाचा म्हातारा गडी, त्याने बाबांचा चेहरा वाचला. खडा तोंडात घोळवला. मग सगळ्यांकडे वळून, पूल दुमदुमेल असा ओरडला, "कागज कारखाने ने बनाया! आपा ने कुछ नै लगाया! आपा सच्ची!" कमानींनी 'सच्ची, सच्ची' म्हटलं. मग लोक पातेल्यावर तुटून पडले. बाबा आत्याजवळ गेले आणि पुटपुटले, "तिसरी कमान बोटभर रुंद झालीय, अक्का." आत्या म्हणाली, "तुझं बोट बारीक आहे." दोघं बहीणभाऊ कठड्याला टेकून इतके हसले की आईने दोघांना पाणी नेऊन दिलं.

अंधार पडायच्या आत आत्याने सुतळी सोडली आणि ज्याचा त्याला कागद देऊन टाकला. अख्खा पूल तुकडे तुकडे होऊन घरोघरी गेला. पुढे नोटीस लागली, शेजारी नवा रुंद पूल झाला, आणि जुना गेला. बसमध्ये बसून पलीकडे जाता यायला लागलं. यादम्माला नव्या पुलाच्या तोंडाशी आधीपेक्षा चांगली जागा मिळाली, आणि ती सांगत फिरली की बोम्ममुळे मिळाली. बाकीचं अंबरपेठ मात्र एकमताने म्हणू लागलं, आपाने नीट रंगवला असता तर वाचला असता! हमीदचाचा सगळ्यांत मोठ्याने. आत्याला त्यानंतर एवढी बोलावणी आली की विचारू नका. माझं घर काढा, माझी विहीर काढा, म्हणजे टिकेल. तिने पुष्कळ काढली. सुखाने म्हातारी झाली, शेवटपर्यंत सगळे दात शाबूत. आमच्या वाट्याचा कागद, ज्यावर आई भाकरीचं टोपलं घेऊन उभी होती, तो एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ला. त्याचं वाईट वाटतं. पण आईला वाळवीचं कौतुक वाटलं, म्हणाली, भाकऱ्यांसकट खाल्लंय बघ.

गेल्या महिन्यात विद्यानगरहून अंबरपेठेला येऊन नदीपलीकडे निघाले होते. हमीदचाचाच्या दुकानाच्या जागी आता ऑटो उभ्या असतात. त्यातल्या एका पोराने मला घेतलं आणि पुलावर गर्दीत अडकलो तसं सांगायला लागला, "अम्मा, मालूम है? परसों यहां एक आपा रहती थी. ब्रश उठाई की पुल गिरता था. सात पुल गिराई. एक रेल का."

हैदराबादेत पन्नास वर्षांपूर्वीचंही 'परसों'च असतं. मी पन्नास वर्षं ही गोष्ट सांगतेय, पण रेल्वेचा पूल मलाही सुचला नव्हता. मी म्हटलं, "रेल्वेचा नाही रे. दोन रेल्वेचे."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग गाडी चालवत चालवत चौकशा, आणि निघाला हमीदचाचाचा नातू, मुनीर. मला सोडेचना. "दादी, घर चलो. हमारे पास पुल का टुकडा है."

गेले. गल्लीत घर, घरात फ्रिज, फ्रिजच्या वर काचेत आत्याचा कागद. मुनीरच्या बायकोने चहा टाकला आणि पुढ्यात गूळ-शेंगदाणे ठेवले. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, चष्मा नीट केला आणि उभी राहिले. वर हमीदचाचा पंप घेऊन ओणवा, शेजारी कुणाची तरी बकरी. खाली मुसी. रंग जरा उडालेत. आणि मध्ये, जिथे माझ्या आठवणीत पांढराशुभ्र कागद होता, तिथे एक खांब आणि दोन्हीकडे अर्धी अर्धी कमान. तपकिरी, मधूनच पिवळसर, कडेला काळपट, कलत्या उन्हातल्या गुळाच्या ढेपेसारखी. हुबेहूब. सुलतान बाजारातला तो कागदवाला मला आठवला, आणि 'पडू दे की' म्हणणारी आत्या.

"दादा बोलते थे, ये कोरा था," मुनीर मागून म्हणाला. "झूट बोलते थे. ये देखो, पूरा पुल है. किसने रंगाया, दादी, आपा ने ना?"

जिभेवर उत्तरं भरपूर होती. एकाहून एक. पण तोंडात गूळ होता.

"कुणीच नाही रे," मी म्हणाले.